कार्बन कर: कुठे किती?

श्रोतेहो, नमस्कार. कोळसा, डिझेल जाळून हवेत जाणाऱ्या कार्बनवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर, कर लावायला फिनलंडनं १९९० मध्ये सुरुवात केली. पुढच्याच वर्षी स्वीडननं. आज स्वीडनचा दर टनाला १०,००० रुपयांच्या वर आहे. हो, टनाला १०,००० च्या वर! जपाननं २०१२ पासून लावलेला जादा कर २८९ येन, म्हणजे २०० रुपयेही नाहीत. सिंगापूर २०१९ मध्ये त्यांच्या ५ डॉलरवर होतं, २०२४ मध्ये २५ वर गेलं.

सांगलीकरांचा याच्याशी काय संबंध? ऐका. कुपवाड एमआयडीसीत माझ्या मावसभावाचा नट-बोल्टचा कारखाना आहे. माल जर्मनीला जातो. २०२३ च्या दिवाळीनंतर तिकडून मेल आला: तुमच्या टनभर बोल्टमागे कार्बन किती, कळवा. दादा भडकला. "आरं, बोल्टला वजन असतंय, आटे असतात, धूर कुठनं आला?" शेवटी सूनबाईनं वर्षभराची वीजबिलं काढली, भट्टीच्या तेलाच्या पावत्या काढल्या, बोल्ट ज्यापासून बनतात ती पोलादी सळी, म्हणजे वायर रॉड, पुरवणाऱ्या कंपनीच्या मागे लागली. तिकडून उत्तर यायला महिने गेले. हिशेब जुळला तेव्हा दादा बघतच राहिला. त्याच्या भट्टीचा वाटा थोडाच, बहुतेक कार्बन रॉड बनतानाच हवेत गेलेला! भंगार विजेवर वितळवून केलेल्या पोलादामागे तो कमी, खनिजापासून कोळशावर केलेल्यामागे जास्त. आता रॉड घेताना दादा किमतीआधी हे विचारतो.

  

तर, तो मेल यासाठी होता: जानेवारी २०२६ पासून युरोप बाहेरून येणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतांवर कार्बनचा आकार लावतो. भरतो तिकडचा आयातदार, पण तो आपल्याच भावात कापणार. माल बनला त्या देशात कार्बनचे पैसे भरले असतील, तर तेवढे वजा होतात. पुन्हा सांगतो, घरी भरले तर वजा होतात. आपल्याकडे २०१० मध्ये टनभर कोळशावर ५० रुपये उपकर आला, २०१६ मध्ये तो ४०० झाला, पुढं राज्यांना द्यायच्या जीएसटी भरपाईत गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला. माझं स्पष्ट मत आहे, त्याचा रीतसर कार्बन कर करायला हवा होता. पैसा देशात राहिला असता.

युरोपला माल पाठवणाऱ्यांनी भट्टीला वेगळा वीजमीटर बसवून घ्या. दादानं बसवलाय. नमस्कार.