क्लायमेट परिषदेत मतदान का होत नाही? बाकूचा हातोडा आणि भारताचा आक्षेप

नमस्कार मंडळी, आज थेट मुद्द्यावर येतो. नोव्हेंबर २०२४, अझरबैजानमधलं बाकू, कॉप२९, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची दरवर्षीची हवामान परिषद. परिषद शुक्रवारी संपायची होती, ती लांबत लांबत रविवार उजाडला आणि अध्यक्ष मुख्तार बाबायेव यांनी खाडकन हातोडा आपटला, की निर्णय पास! काय ठरलं, तर विकसनशील देशांना हवामान बदलाशी लढायला २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर. मागणी होती १३०० अब्जांची. भारतानं आधीच कळवलेलं की निर्णयाआधी आम्हाला बोलायचंय, पण माईक मिळाला तो हातोड्यानंतर. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी सुनावलं चांगलंच, हा नजरेचा भ्रम आहे म्हणाल्या, टाळ्याही पडल्या, पण निर्णय काही हलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं असेल तर मतदान घ्या ना सरळ! तर गंमत अशी, की मतदानाचा नियमच नाहीये. १९९५ ला बर्लिनमध्ये पहिली कॉप झाली तेव्हा नियमावलीच्या मसुद्यातला हा एक नियम अडला तो आजतागायत अडलेलाच आहे, कारण सौदीसारख्या तेलवाल्या देशांना बहुमत नको होतं आणि श्रीमंत देशांना निदान पैशाच्या बाबतीत तरी नको होतं. मग उरलं काय, तर सर्वसहमती. आणि ती झाली का नाही हे ठरवणार अध्यक्ष!

म्हणून बघा, २००९ ला कोपनहेगनमध्ये मोजक्या देशांनी विरोध केला तर करार नुसता 'नोंद घेतली' म्हणून सोडून दिला. आणि पुढच्याच वर्षी कॅनकूनमध्ये एकटा बोलिव्हिया नाही नाही म्हणत राहिला तरी तिथल्या अध्यक्ष पॅट्रिशिया एस्पिनोसांनी हातोडा मारला, एका देशाला व्हेटो देता येणार नाही म्हणाल्या. म्हणजे मला तरी वाटतं, नियमापेक्षा अध्यक्षाची हिंमत आणि समोरच्याचं वजन हेच जास्त चालतं तिथे.

पण वजनदार माणूस डूख धरतो हो. २०१२ ला दोहात रशियाचा आक्षेप असाच उडवला, तर २०१३ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या बॉनला, कॉपच्या तयारीच्या बैठकीत, रशियानं युक्रेन आणि बेलारूसला सोबत घेऊन (हो, तेव्हा एकत्र होते!) एका समितीचा अजेंडाच मंजूर होऊ दिला नाही, दोन आठवडे काम ठप्प.

आणि बाकूनंतर? जून २०२५, परत बॉन, परत अजेंड्यावरच जवळपास दोन दिवस गेले. विषय, श्रीमंत देशांनी पैसे द्यायची जबाबदारी. तो अजेंड्यावर आणा म्हणणाऱ्या गटात भारत होताच.