कोरफडीचा गर आणि त्वचेचा दाह

मंडळी, घरच्या कुंडीतले कोरफडीचे एक पान मी मुद्दाम सोबत आणले आहे. ते कापून उभे धरले की सालीखालून पिवळा, कडवट चीक ओघळतो. तो आधी निथळून टाकायचा, कारण त्याने त्वचेची आग वाढू शकते. आपल्याला हवा आहे तो आतला बुळबुळीत गर. त्यात ९८ ते ९९ टक्के पाणीच असते, आणि उरलेल्या अंशात असिमॅनन नावाची, मॅनोज शर्करेच्या लांबच लांब साखळ्यांची बहुशर्करा असते. धावड्याचा डिंक, इसबगोल, ओटमधले बीटा-ग्लुकन आणि आपल्या नागपुरी संत्र्याच्या सालीआतल्या पांढऱ्या थरातले पेक्टिन ही सारी याच गोतातली.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर अशा बहुशर्करा टाकल्या की दाह भडकवणारे इंटरल्यूकिन-६सारखे रेणू कमी झाल्याचे अनेकदा दिसते. मात्र सुमारे ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत शिरत नाही, आणि या साखळ्यांचे वजन लाखांच्या घरात असते. शिवाय वनस्पतीच्या अर्कात एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातले, स्वतःच दाह भडकवणारे विष, मिसळलेले असले, तर पेशींचा प्रतिसाद नेमका कशाला आहे हेच कळत नाही. एंडोटॉक्सिनची तपासणी न करता काढलेल्या निष्कर्षांवर माझा तरी भरवसा नाही.

मग उपयोग कशाचा? इसबात त्वचेचा बांध फुटलेला असतो. पाणी उडते, खाज सुटते, खाजवल्याने भेगा वाढतात. बहुशर्करेचा पातळ थर वरच राहून पाणी धरून ठेवतो, आणि माझ्या मते तिचे अर्धेअधिक काम इथेच होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये कोलॉइडल ओटमीलला, म्हणजे अगदी बारीक दळलेल्या ओटला, मान्यता दिली, तीही त्वचारक्षक म्हणूनच.

त्वचेवर लालसर, खवलेदार चट्टे उठवणाऱ्या सोरायसिसचे उदाहरण बोलके आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६० रुग्ण होते. कोरफडीचे मलम लावलेल्या ३० जणांपैकी २५ बरे झाले, तर नुसते मलम लावलेल्या ३० पैकी केवळ २. पुढे २००५ मध्ये डेन्मार्कमधल्या ४१ रुग्णांच्या चाचणीत नेमके उलटे घडले: कोरफड लावलेल्या ७२.५ टक्के जागा सुधारल्या आणि औषध नसलेला लेप लावलेल्या ८२.५ टक्के. म्हणजे तुलनेचा लेपच जर कोरडेपणा घालवत असेल, तर कोरफडीचे श्रेय वेगळे काढायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

बाटलीबंद जेलबद्दल आपल्यापैकी काहींनी चिठ्ठीवर विचारले आहे. मे महिन्यात ४५ अंशांत ताजा गर वाटीत काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा; तो पातळ झालेला असतो, कारण त्याच्याच विकरांनी (एन्झाइमांनी) साखळ्या तुटतात. बाटलीवर ‘९९ टक्के कोरफड’ लिहिलेले असले, तरी त्यातल्या साखळ्या किती लांब उरल्या आहेत, हे त्या आकड्यावरून समजत नाही.