दुरुस्तीसह कायम

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या टेबलावर पाटी आहे, 'ऑपरेशन्स मॅनेजर'. ती पाहून आमच्या मामी म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरांना ऑपरेशनला तू मदत करतेस?" नाही हो. मी डॉक्टरांच्या एका संघटनेचं कार्यालय सांभाळते. भिंतीवर फोटो लागतो तो अध्यक्षांचा. वर्गणी, पावत्या, सभेची नोटीस, इतिवृत्त, मतदारयादी, विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, हे सगळं माझ्याकडे.

1996 साली जळगावात टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा प्रत्येक सभासदाचं पुठ्ठ्याचं कार्ड होतं. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला आणि शहादा-तळोद्यापर्यंतची सगळी कार्डं मी लाल शाईनं दुरुस्त केली. आता कॉम्प्युटर आहे. पण नियम तोच: नाव बघू नका, सभासद क्रमांक बघा. परत सांगते, नाव नाही, क्रमांक! आपल्या खानदेशात पाटील किती, हे मी तुम्हाला काय सांगू?

आमच्याकडे दोन डॉक्टर पाटील होते. एक अमळनेरचे, एक पाचोऱ्याचे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही तेच. पेपरात निधनवार्ता आली, गावाचा उल्लेख नाही. मी अमळनेरचं कार्ड काढलं आणि त्यावर रेघ मारली.

सप्टेंबरची वार्षिक सभा. विषय क्रमांक 1, श्रद्धांजली. मी नाव वाचलं, गाव वाचलं, सगळे उभे राहिले. तेवढ्यात मागचं दार वाजलं. सुरतकडून येणारी पॅसेंजर लेट, म्हणून अमळनेरचे डॉक्टर आत्ता पोचत होते. सगळे उभे दिसले, तेही हात जोडून उभे राहिले. शेजाऱ्याला हळूच विचारलं, "कोन गया भो?"

शेजारी म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच."

मौन तिथंच संपलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "वर्गणी भरलीय मी. परत मिळेल का?"

आता गंमत ऐका. झालेला ठराव खोडता येत नाही. इतिवृत्तातली चूक पुढच्या सभेत, इतिवृत्त कायम करताना दुरुस्त होते. म्हणजे कागदावर डॉक्टर वर्षभर वारलेले! त्याच सभेत विषय क्रमांक 6 चे अनुमोदकही तेच. ऑडिटरनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. डॉक्टर दर महिन्याला फोन करायचे, "ताई, मी अजून गेलेलोच ना?" एकदा तर स्वतःच्याच लेटरहेडवर हयातीचा दाखला लिहून पाठवला. मी फाइलला लावला. पुढच्या सप्टेंबरात ते स्वतः उठून म्हणाले, "माझी दुरुस्ती आहे." आणि मी लिहिलं, 'दुरुस्तीसह कायम'.

(जाता जाता, सभेची नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्या सचिवांवर माझा राग आहे. 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली ती कोण शोधणार? आणि सत्काराचे ते गुच्छ बंद करा. त्या पैशात हिवाळ्यात बामणोदच्या वांग्यांचं भरीत सगळ्यांना पोटभर होईल.)

हसण्याच्या नादात एक गोष्ट मात्र राहिली होती. सभेनंतर चार दिवसांनी दुसरं कार्ड हातात आलं, पाचोऱ्याचं. त्यावर रेघ नव्हती. घरी शोकपत्र गेलं नव्हतं, उलट मेलेल्या माणसाच्या नावानं सभेची नोटीस गेली होती. पोस्टानं पत्र टाकायला माझा हात होईना. मी स्वतः गेले.

काकूंनी चहा ठेवला. नोटीस त्यांनी पाकिटासकट कपाटात जपून ठेवली होती. ती माझ्यासमोर धरून विचारलं, "वर्गणी राहिलीय का काही त्यांची?"

राहिली नव्हती. मार्चमध्येच भरली होती, पावती मीच फाडली होती.