केंद्रकापर्यंत वीज पोचते कशी?

मंडळी, माणसाच्या तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नसतं, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. पेशींच्या विद्युत मोजमापाची सुरुवात अशाच रक्तपेशींपासून झाली. १९२५ साली ह्यूगो फ्रिके यांनी रक्तपेशींच्या पटलाची विद्युतधारिता (वीजभार साठवण्याची क्षमता) मोजली आणि पटल तेलकट द्रव्याचं असावं असं धरून त्याची जाडी काढली : सुमारे ३.३ नॅनोमीटर. तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकसुद्धा नव्हता! मला या प्रयोगाचं आजही अप्रूप वाटतं.

केंद्रक आलं की मात्र काम अवघड होतं. मोजमापासाठी दिशा सतत उलटणारा (एसी) प्रवाह वापरतात; सेकंदाला तो किती आवर्तनं करतो ती त्याची वारंवारता. ही वारंवारता कमी असेल तर पेशीपटल विजेला आत शिरूच देत नाही; पेशीचा आकार तेवढा कळतो. काही मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला काही दशलक्ष आवर्तनांवर, प्रवाह आत पोचतो आणि त्याहून वर गेलं की केंद्रकाचं आवरण जाणवू लागतं. पण तो परिणाम फार बारीक. शिवाय पटल, पेशीद्रव, आवरण, केंद्रकरस असे इतके अज्ञात आकडे एकाच आलेखातून काढायचे, की वेगवेगळी उत्तरं त्यात सारखीच बसतात.

मग केंद्रकच बाहेर काढायचं. कमी क्षारांच्या द्रावणात पेशी फुगवायच्या, सौम्य डिटर्जंटने पटल विरघळवायचं, हलक्या वेगाने फिरवून केंद्रकं तळाशी बसवायची. इथे हात जड पडला तर केंद्रकं फुटतात, आतला डीएनए बाहेर येतो आणि सगळ्याचा चिकट गोळा होतो. नीट जमलं तर ती चिपमध्ये सोडायची : काचेवर सोन्याचे इलेक्ट्रोड, वर सिलिकॉन रबरात कोरलेली, केसाहूनही अरुंद वाहिनी. एकेक केंद्रक जाताना पडद्यावर एक शिखर वर उमटतं, एक खाली. दोन्हींमधल्या वेळेवरून वेग कळतो, उंचीवरून आकारमान. तीच उंची जास्त वारंवारतेला किती बदलते, यावरून आवरणाचा आणि आतल्या द्रव्याचा अंदाज येतो.

तुम्ही म्हणाल, आवरणाला तर हजारो छिद्रं असतात, मग वीज अडेलच कशाला? १९६०च्या दशकात लोवेनस्टाइन आणि कान्नो या शास्त्रज्ञांनी फळमाशीच्या लाळग्रंथीतल्या अवाढव्य केंद्रकांत काचेचे सूक्ष्म इलेक्ट्रोड खुपसून पाहिलं. आवरणाचा विद्युतरोध मोजता आला! छिद्रं आहेत म्हणजे वाट मोकळी आहे, असं सरसकट म्हणता येत नाही.

कर्करोगाच्या निदानात केंद्रक पेशीच्या मानाने किती मोठं दिसतं, हे डॉक्टर आवर्जून पाहतात. रंग न लावता हीच तपासणी एकेका पेशीवर झपाट्याने व्हावी, म्हणून हा खटाटोप मोलाचा. पण बाहेर काढलेल्या केंद्रकाचे आकडे जिवंत पेशीला जसेच्या तसे लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. भोवतालच्या द्रावणात मॅग्नेशियम कमी-जास्त झालं तरी आतलं क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांचं गुंफलेलं द्रव्य) फुगतं किंवा आवळतं, आणि त्याबरोबर मोजमापही बदलतं. म्हणून अख्ख्या पेशी आणि त्यांची सुटी केंद्रकं, दोन्ही एकाच चिपवर मोजा, आणि आकड्यांशेजारी द्रावणाचा तपशील न चुकता लिहा.