कमरपट्टा आणि कुऱ्हाड

श्रोतेहो, नमस्कार.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली आला. फासे, कागद, पेन्सिल आणि चार-पाच सोबती एवढ्यावर तो चालतो. प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि त्याच्या तोंडून बोलतो. त्या पात्राचे लिंग कोणते, हे ट्रान्स खेळाडू, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून ज्यांची लिंगओळख वेगळी आहे असे खेळाडू, कसे ठरवतात, याविषयी आज बोलायचे आहे.

या खेळाच्या १९७९ सालच्या एका नियमपुस्तकात जादूचा कमरपट्टा आहे. तो बांधला की पुरुषाची स्त्री होते आणि स्त्रीचा पुरुष. पुस्तकाने तो शापित मानला असून मूळ रूप परत मिळवणे फार कठीण ठेवले आहे.

माझ्या परिचयाच्या एका ट्रान्स स्त्रीची पुण्यातली हकिगत तिच्या संमतीने सांगतो. तेव्हा सगळे तिला मुलगाच समजत. कोणाला शंका येऊ नये म्हणून तिने पात्रही दाढीवाला, दणकट, कुऱ्हाड चालवणारा ड्वार्फ, म्हणजे कथांमधल्या बुटक्या जमातीतला, असे घेतले होते. एका रविवारी त्या ड्वार्फला तळघरातल्या पेटीत तो पट्टा सापडला आणि त्याने तो बांधला. हशा पिकला. मित्र मनाने चांगले. शाप उतरवणारा जादूगार गाठायचा म्हणून त्यांनी लगेच आपापली सोन्याची नाणी मोजायला घेतली. तिने मात्र कागदावरचा ‘पुरुष’ हा शब्द खोडरबराने पुसला आणि ती म्हणाली, “राहू द्या. त्या पैशांत घोडे घेऊ.” मग तिची पाळी आली. तोवर ती ‘मी दार तोडतो’ म्हणत असे, त्या संध्याकाळी ती म्हणाली, “मी दार तोडते.” खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने फासा टाकायला सांगितले आणि दार तुटले. पुढे कित्येक महिने त्या टेबलापाशी मित्र तिला ‘आता तू काय करतेस?’ असे विचारत राहिले, आणि त्यासाठी तिला कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही. पट्टा शापित होता, तरी तिने तो उतरवला नाही. पुन्हा सांगतो, तिने तो उतरवला नाही.

पडद्यावरच्या ‘बाल्डर्स गेट ३’ या २०२३ सालच्या खेळात शरीर, आवाज आणि लिंगओळख वेगवेगळी निवडता येतात, हे चांगलेच झाले. तरीही समोरासमोर उत्तर देणारी माणसे असलेला टेबलावरचा खेळ मला अधिक मोलाचा वाटतो.

सगळेच असे निवडत नाहीत. काही जण पात्र आपल्या खऱ्या लिंगाचे घेतात आणि ते पात्र ट्रान्स असल्याचा उल्लेखही करत नाहीत, कारण निदान खेळात तरी त्यांना त्या विषयापासून विसावा हवा असतो. काहींना उलट पात्राचाही तोच प्रवास हवा असतो.

म्हणून खेळ चालवणाऱ्यांना विनंती आहे. पात्राला तो, ती की ते म्हणायचे, हे पहिल्याच बैठकीत विचारा. एकट्यालाच नव्हे, सगळ्यांना विचारा. आणि तो पट्टा पेटीत ठेवण्यापूर्वीही खेळाडूंची संमती घ्या, कारण ज्याने पात्राचे लिंग मोठ्या धीराने निवडले आहे, त्याच्याकडून ते गंमत म्हणून हिरावून घेणे हा अन्याय आहे.