तीन बिंदूंच्या पलीकडे

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, टोपॉलॉजीत, म्हणजे अंतर न मोजताही सातत्य आणि जवळीक यांचा विचार करणाऱ्या गणितशाखेत, अवकाशांच्या एखाद्या वर्गाचे व्यापकीकरण केव्हा सार्थ ठरते, हा आजचा विषय आहे. नवी व्याख्या जुनीपेक्षा सैल असणे मला पुरेसे वाटत नाही. त्या सैलपणाची गरज भासवणारे उदाहरण आणि तरीही टिकून राहणारे प्रमेय, ही दोन्ही हाती असली पाहिजेत.

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात मी पीएचडीची मौखिक परीक्षा घ्यायला गेलो होतो. प्रबंधात संवृत संचांचे, म्हणजे आपले सगळे सीमाबिंदू सामावणाऱ्या संचांच्या व्यापकीकरणांचे, अकरा प्रकार होते, कोणत्या प्रकारातून कोणता निघतो हे दाखवणारी बाणांची पानभर आकृती होती, आणि उलटा बाण खोटा ठरवणारे प्रत्येक उदाहरण क, ख, ग अशा तीन बिंदूंच्या संचावर रचलेले होते. वास्तव संख्यांच्या रेषेवर किंवा फलनांच्या एखाद्या परिचित अवकाशात यांतला कोणता प्रकार भेटतो, असे मी विद्यार्थिनीला विचारले. ती गप्प राहिली. ते मौन मला आजही सलते, कारण तिची एकेक सिद्धता बिनचूक होती. हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत कोणी विचारलाच नव्हता.

या परंपरेचे मूळ मात्र सकस आहे. नॉर्मन लेव्हिन यांनी 1970 मध्ये व्यापकीकृत संवृत संच मांडला: ज्या संचाला सामावणारा प्रत्येक विवृत संच (ज्याचा पूरक संच संवृत असतो असा) त्याच्या क्लोजरलाही, म्हणजे त्याला सामावणाऱ्या सर्वांत लहान संवृत संचालाही, सामावून घेतो, असा संच. असे सगळे संच जिथे मुळातच संवृत असतात, ते टी-अर्ध अवकाश. तिथे प्रत्येक एकबिंदू संच विवृत तरी असतो किंवा संवृत तरी. पूर्णांकांवरची खलिम्स्की रेषा नेमकी अशी आहे, विषम बिंदू विवृत आणि सम बिंदू संवृत. आणि अशा दोन रेषांच्या गुणाकारातून मिळणाऱ्या प्रतलावर जॉर्डनच्या वक्रप्रमेयाचे (साधा बंद वक्र प्रतलाचे आत आणि बाहेर असे दोन भाग करतो) डिजिटल रूप सिद्ध होते. मात्र त्या प्रतलात एक निर्देशक सम व दुसरा विषम असलेला बिंदू ना विवृत असतो ना संवृत, म्हणजे गुणाकारात टी-अर्ध हा गुण हरवतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य भाग थोडक्यात सांगतो. ज्याँ द्यूदोने यांनी 1944 मध्ये पॅराकॉम्पॅक्ट अवकाश मांडले: प्रत्येक विवृत आच्छादनाला (मिळून सगळा अवकाश झाकणाऱ्या विवृत संचांना) असे बारीक विवृत आच्छादन मिळते, ज्याचा प्रत्येक संच मूळच्या एखाद्या संचात बसतो, की प्रत्येक बिंदूच्या कुठल्यातरी परिसराला त्यातले सांत संख्येचेच संच छेदतात. कॉम्पॅक्ट अवकाश, म्हणजे जिथे प्रत्येक विवृत आच्छादनातले सांत संख्येचे संचच पुरतात ते, यात आपोआप येतात, आणि सर्व मेट्रिक अवकाशही, म्हणजे जिथे अंतर मोजता येते ते, येतात, हे आर्थर स्टोन यांनी 1948 मध्ये सिद्ध केले. हाउसडॉर्फ अट (कोणतेही दोन वेगळे बिंदू परस्परांना न छेदणाऱ्या विवृत संचांत ठेवता येणे) जोडली की स्थानिक फलने सांधून संपूर्ण अवकाशावर एक संतत फलन उभारता येते. टिकून राहणारे प्रमेय म्हणतो ते हेच. गुणाकारापाशी मात्र हा वर्गही अडतो. एक टोक धरणाऱ्या आणि दुसरे वगळणाऱ्या अर्धविवृत अंतरालांवर उभी असलेली सॉर्गनफ्राय रेषा पॅराकॉम्पॅक्ट आहे, पण 1947 मध्येच दिसून आले होते की तिचा स्वतःशी गुणाकार नॉर्मलसुद्धा नसतो: निर्देशकांची बेरीज शून्य असलेल्या रेषेवरचे परिमेय बिंदू आणि अपरिमेय बिंदू हे तिथे दोन संवृत संच आहेत, आणि परस्परांना न छेदणाऱ्या विवृत संचांत ते वेगळे करता येत नाहीत. बेअरच्या प्रमेयातून येणारी ही सिद्धता ज्यांना हवी, त्यांना चहाच्या वेळी याच फळ्यावर करून दाखवतो.