‘मला मजा आली’ इंग्रजीत का अडखळतं?

नमस्कार! एक अगदी छोटं वाक्य देतो. ‘मला खूप मजा आली.’ इंग्रजीत सांगा बघू. हवं तर व्हिडिओ थांबवा.

बहुतेकांच्या तोंडी येतं, ‘आय एन्जॉयड अ लॉट.’ समोरच्याला अर्थ कळतो, पण वाक्य लंगडं आहे. एन्जॉय हे सकर्मक क्रियापद. त्याला कर्म लागतंच. ‘आय एन्जॉयड द पार्टी’ चालेल. ‘आय एन्जॉयड मायसेल्फ’ चालेल. नुसतं ‘आय एन्जॉयड’ म्हटलं की ऐकणारा वाट बघत राहतो, काय एन्जॉय केलं बाबा? हां, एखादी गोष्ट हातात देताना ‘एन्जॉय!’ असं एकट्यानं म्हणतात. तेवढी सूट आहे.

आता ही चूक होते कुठून? आपल्या मराठीतूनच. मराठीत मजा आपण करतोही, पण बहुतेक वेळा ती आपल्याकडे ‘येते’. मला मजा आली. मला हसू आलं. मला कंटाळा आला. मला ते आवडलं. प्रत्येक वाक्यात मी बाजूला उभा आहे, ‘मला’ होऊन, आणि जे काय घडतंय ते माझ्यावर येऊन आदळतंय. इंग्रजीत हे सगळं उलटं. आय हॅड फन. आय लाफ्ड. आय गॉट बोअर्ड. आय लाइक्ड इट. चारही ठिकाणी कर्ता मीच. सगळं माझ्या नावावर.

म्हणूनच माझं म्हणणं असं की इंग्रजी शिकताना मौजमजेचे उतारे वाचावेत. ते सोपे असतात आणि कंटाळा येत नाही, हे खरंच; पण आपली वाक्यरचना नेमकी जिथे घसरते, त्याच जागा या उताऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा येतात. कारखान्यावरचा किंवा हवामानावरचा उतारा वाचून ही घसरण सापडणारच नाही, कारण तिथे कुणाला मजा येत नसते.

चला, एक उतारा वाचू. मीच लिहिलाय. पहिल्यांदा वही-पेन बाजूला ठेवा, फक्त ऐका.

पडद्यावर उतारा:

‘ऑन सॅटरडे मॉर्निंग मीरा वेन्ट स्विमिंग विथ हर कझिन्स. शी इज नॉट व्हेरी गुड ॲट इट, बट शी लव्ह्ज द वॉटर. इन द आफ्टरनून दे प्लेड कार्ड्स अँड गिगल्ड सो मच दॅट नोबडी केप्ट स्कोअर. हर अंकल वॉज सपोज्ड टु डू अ मॅजिक ट्रिक, बट द कॉइन रोल्ड अंडर द सोफा. दे हॅड मोर फन लुकिंग फॉर इट दॅन वॉचिंग द ट्रिक. द ओन्ली बोअर्ड वन वॉज द कॅट. मीरा हॅड सच अ गुड टाइम दॅट शी फर्गॉट टु कॉल हर फ्रेंड. शी इज ऑलरेडी लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग एव्हरीवन अगेन.’

किती शब्द अडले? उतारा साधारण ९० शब्दांचा आहे. दोनच्या आसपास अडले असतील, तर तो तुमच्या मापाचा आहे. हे माप मी मनाने ठरवलेलं नाही. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी २००० साली एक अभ्यास मांडला. कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची असेल, तर तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं त्यात दिसलं. म्हणजे शंभरात दोन अनोळखी. पुस्तकाच्या एका पानावर चार-पाच शब्द अडले तर ठीक. दहा-पंधरा अडत असतील तर पुस्तक वाईट नाही, फक्त आत्ता ते तुमचं नाही. एक पायरी खालचं घ्या. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शब्दकोश उघडत उघडत जाडजूड कादंबरी रेटण्याचं जे कौतुक होतं ना, ते मला कधीच पटलेलं नाही.

आता उतारा पुन्हा घेऊ. यावेळी वही उघडा. एकच पथ्य पाळा, सुटा शब्द लिहायचा नाही. ‘फन म्हणजे मजा’ असं लिहिलंत तर वहीचं पान भरेल, वाक्य मात्र बनणार नाही. शब्द ज्या सोबत्यांबरोबर येतो, त्यांच्यासकट उचला.

पहिला तुकडा, ‘हॅड मोर फन लुकिंग फॉर इट’. या एका तुकड्यात किती गोष्टी आहेत बघा. फन हे अगणनीय नाम आहे, म्हणजे एक फन, दोन फन असं मोजता न येणारं. म्हणून त्याच्या आधी ‘अ’ येत नाही. ‘वी हॅड अ फन’ चूक, ‘वी हॅड फन’ बरोबर. मजा जास्त होती असं सांगायचं असेल तर ‘अ लॉट ऑफ फन’ किंवा ‘सो मच फन’. तुलना करायची तर ‘मोर फन’. मग तुम्ही विचाराल, ‘अ फन इव्हिनिंग’ कसं चालतं? तिथला ‘अ’ हा इव्हिनिंगचा आहे, फन तिथे विशेषण होऊन मधे बसलंय. जुन्या पठडीतल्या शिक्षकांना हे विशेषण फारसं रुचत नाही, परीक्षेच्या निबंधात जरा जपून वापरा. बोलताना बिनधास्त वापरा.

आणि फनच्या पुढे क्रियापद आलं की त्याला आयएनजी लागतं. ‘हॅड फन लुकिंग’, ‘हॅड फन डान्सिंग’. ‘हॅड फन टु डान्स’ नाही.

इथेच आणखी एक गंमत आहे, आणि ती मला या सगळ्या विषयात सर्वात मोलाची वाटते. ‘वी आर हॅविंग फन’ हे वाक्य बरोबर आहे. पण ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे चूक आहे, आणि आपल्याकडे ते सर्रास ऐकू येतं. दोन्हीकडे हॅवच आहे, मग फरक काय? दोन भाऊ असणं ही स्थिती आहे. ते काही आत्ता चालू नाही, संध्याकाळी संपणारही नाही. म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’. मजा मात्र आत्ता चालू आहे, थोड्या वेळाने संपेल. ती क्रिया आहे, म्हणून हॅविंग. हॅवचा अर्थ ‘जवळ असणे’ असेल तर आयएनजी नको, ‘अनुभवणे’ किंवा ‘करणे’ असेल तर चालेल. हॅविंग लंच, हॅविंग अ चॅट, हॅविंग अ गुड टाइम ही सगळी बरोबर. हॅविंग अ कार, हॅविंग अ हेडेक नको. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम असतोच, पण तिथे तो यादीतला एक नियम असतो. मजेच्या उताऱ्यात तो इतक्यांदा भेटतो की ‘हॅविंग फन’ कानाला सवयीचं होतं आणि ‘हॅविंग टू ब्रदर्स’ आपोआप खटकायला लागतं.

‘सच अ गुड टाइम दॅट’ हा दुसरा तुकडा. फनला ‘अ’ नको आणि टाइमला मात्र हवा! टाइम हेही एरवी अगणनीयच, ‘आय हॅव नो टाइम’ म्हणतो तेव्हा. पण ‘अ गुड टाइम’ म्हणजे मजेत गेलेला एक ठरावीक वेळ, म्हणून तो मोजता येतो. त्याच वाक्यात सच आहे, आणि वर ‘सो मच दॅट’ आहे. दोन्हीचा अर्थ ‘इतकं की’. पुढे नाम असेल तर सच, नुसतं विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल तर सो. सच अ गुड टाइम. सो हॅपी. मच आणि मेनी आले की मात्र सोच लागतं, पुढे नाम असलं तरी. म्हणूनच ‘सो मच फन’.

‘फर्गॉट टु कॉल’ हा माझा आवडता, कारण इथे मराठी मदतीला येते. मीरा मैत्रिणीला फोन करायला विसरली, म्हणजे फोन झालाच नाही. ते ‘फर्गॉट टु कॉल’. पण ती फोन केल्याचं विसरली, म्हणजे फोन झाला होता, आठवण राहिली नाही. ते ‘फर्गॉट कॉलिंग’. ‘करायला’ आणि ‘केल्याचं’ हा फरक आपण लहानपणापासून बिनचूक करतो. तोच फरक इंग्रजीत टु आणि आयएनजी करतात. घोकण्यासारखं काही उरतच नाही.

‘लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग’मध्ये मात्र टु बघून फसू नका. हा टु क्रियापदाचा नाही. खात्री करायची असेल तर पुढे एखादं नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टु द वीकएंड’ बसतं ना? नाम बसतं, म्हणजे क्रियापदालाही आयएनजी लावूनच बसवायचं. ईमेलच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ लिहिणाऱ्यांनी हे जरा लिहून ठेवा.

बाकीचे तुकडे भराभर. वेन्ट स्विमिंग, प्लेड कार्ड्स, डू अ मॅजिक ट्रिक. बाहेर पडून करायच्या गोष्टींना बहुधा गो आणि आयएनजी, खेळांना प्ले, इतर बऱ्याच गोष्टींना डू. गुड ‘ॲट’, गुड ‘इन’ नाही. ‘वॉज सपोज्ड टु’ म्हणजे करायचं ठरलं होतं, आणि बहुतेक वेळा पुढे ‘पण’ येतोच. काकांचंही तसंच झालं.

आणि ते मांजर. बोअर्ड, बोअरिंग नाही. ज्याला कंटाळा आला तो बोअर्ड, ज्याच्यामुळे आला तो बोअरिंग. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणालात तर तुम्ही स्वतःलाच रटाळ म्हणून मोकळे झालात! एक्सायटेड-एक्सायटिंग, अम्यूज्ड-अम्यूजिंग, सगळ्यांचं हेच सूत्र. फन आणि फनी यांचीही अशीच गल्लत होते. सहल फन होती म्हणजे मजेची होती. सहल फनी होती म्हणजे हसू आणणारी होती. दुधाचा वास फनी येतोय म्हणजे ते बहुधा नासलंय. आणि ‘मेक फन ऑफ’ तर थेट खिल्ली उडवणं. ‘वी मेड फन ऑफ आवर टीचर’ असं चुकून निबंधात लिहिलंत, तर वाचणारी व्यक्ती तीच असू शकते, हे लक्षात ठेवा.

हसण्याचेही शब्द वेगवेगळे आहेत. उताऱ्यात गिगल आलंय, म्हणजे फिदीफिदी हसणं, खिदळणं. गालातल्या गालात हसलात तर चकल. दात दिसतील असं, आवाज न करता, ते ग्रिन. आवरलंच नाही आणि हसू फुटलं तर ‘बर्स्ट आउट लाफिंग’. गोष्टींच्या पुस्तकांत हे शब्द इतक्यांदा येतात की प्रसंगावरूनच अर्थ लागतो. वर्गात मुली गिगल करतात, आजोबा चकल करतात, लगेच चित्र उभं राहतं.

आता एक वाद सांगतो. अमेरिकेतले भाषाभ्यासक स्टीफन क्रॅशन १९८०च्या दशकापासून सांगत आले की समजेल असं भरपूर वाचलं-ऐकलं की भाषा मुरते, आणि मनावर ताण असेल तर समोर आलेली भाषासुद्धा आत शिरत नाही. आनंदासाठी वाचा, हा त्यांचा धोशा. दुसरीकडे रिचर्ड श्मिट यांनी १९९०मध्ये असं मांडलं की समोर आलेली रचना जाणीवपूर्वक लक्षात आल्याशिवाय ती शिकली जात नाही. मला विचाराल तर शब्दांच्या बाबतीत मी क्रॅशन यांच्या बाजूने आहे, ‘अ’ आणि ‘टु’च्या बाबतीत श्मिट यांच्या. गिगल न थांबता वाचूनही कळतं. पण ‘हॅड फन’मध्ये ‘अ’ नाही, हे कुणी बोट ठेवून दाखवेपर्यंत वर्षानुवर्षं नजरेतून निसटतं. जे पानावर नाहीच, ते दिसणार कसं?

म्हणून मी दोन वाचनं सांगतो. पहिलं निव्वळ गोष्टीसाठी, त्यात थांबायचं नाही. दुसरं तुकडे उचलण्यासाठी, तेही एका पानावरून तीन-चारच. सगळंच उचलायला गेलात तर गोष्टीचा अभ्यास होऊन बसतो आणि उद्या पुस्तक उघडावंसं वाटत नाही. उचललेले तुकडे दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा, वहीत न बघता आठवून बघा. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की नवं पाठ केलेलं सुरुवातीला फार झपाट्याने विसरलं जातं.

आता तुमचं काम. मीराला काढा आणि तिच्या जागी ‘आय’ घाला. तुमचा शनिवार, तुमचे लोक, तुमचा फसलेला बेत. आठ वाक्यं, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. त्यात ‘हॅड फन’ आणि त्यापुढे आयएनजी एकदा, ‘सच अ’ एकदा, ‘फर्गॉट टु’ एकदा आलं पाहिजे. शेवटच्या वाक्यात ‘शी इज’चं ‘आय ॲम’ करायला विसरू नका. आणि हो, हे ‘करायला विसरू नका’ इंग्रजीत कसं म्हणाल, टु लावून की आयएनजी लावून? खाली लिहा.